परसातली गोचीड आणि रानातले सोयरे

चोर्ला घाट उतरून गोव्यात शिरले की सत्तरी तालुका लागतो. तेथील एका लहानशा गावी आमच्या मावशींचे घर आहे. मावशी मूळच्या बेळगावच्या. लग्न होऊन घाटाखाली गेल्या त्याला आता पन्नास वर्षे होत आली. पण पाहुण्यापुढे चहाबरोबर कुंदा ठेवायचा हा बेळगावचा शिरस्ता त्यांनी अद्याप मोडलेला नाही. घरामागे त्यांचे कुळागर आहे. सुपारी, नारळ, केळी, झाडांच्या अंगाखांद्यावर चढलेल्या मिरवेली, मधून वाहणारा पाट आणि वरच्या अंगाला डोंगराच्या उतारावर काजूची बाग. बागेचे शेवटचे झाड कोठे संपते आणि रानाचे पहिले झाड कोठे सुरू होते, हे परक्या माणसास सांगता येऊ नये अशी ती जागा.

काही वर्षांपूर्वी माघ महिन्यात आम्ही तेथे मुक्कामाला होतो. एके दिवशी सकाळी उठून पाहतो, तो परसात गडबड चाललेली. फणसाखाली एक माकड मरून पडले होते. अंगावर जखम नव्हती, झाडावरून पडल्याची खूण नव्हती. काजूच्या हंगामासाठी खानापूर तालुक्यातून आलेले एक जोडपे मावशींकडे राहत होते. त्यातील गड्याने पहाटेच ते पाहिले होते आणि पाटावरच्या वाटेत नको म्हणून शेपटीला धरून बाजूला ओढून ठेवले होते. मावशींनी पांढरे वस्त्र काढले, हळदकुंकवाची कुयरी घेतली आणि गड्याला फणसाखाली खड्डा खणायला सांगितले. इतक्यात आमचे मावसभाऊ आतून धावत आले.

"आई, हात लावू नकोस. कोणीच जवळ जाऊ नका."

"अरे, मारुतीरायाचे रूप दारात येऊन पडले आहे. त्याला काय तसेच टाकायचे?" मावशींचा आवाज कापत होता.

"टाकायचे नाही. पण आपण हात लावायचा नाही. मी आरोग्य केंद्रात कळवतो."

मायलेकांत त्या सकाळी जो वाद झाला, तो आम्ही पायरीवर उभे राहून ऐकला. दोघांपैकी चुकीचे कोणीच बोलत नव्हते, हे तेव्हाही जाणवत होते. या वादाचे मूळ मात्र सत्तरीत नव्हते. ते दक्षिणेला, शिमोगा जिल्ह्यातील एका जंगलात होते. ती हकीकत वाचकांनी जाणून घेण्यासारखी आहे. कारण सत्तरी, दोडामार्ग, सावंतवाडी, खानापूर या पट्ट्यात ज्यांचे घर, आजोळ वा सासर आहे अशी कुटुंबे आमच्या वाचकांत पुष्कळ आहेत.

क्यासनूरचे जंगल

तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात सोरब तालुका आहे. त्या तालुक्यातील क्यासनूर नावाच्या राखीव जंगलाच्या आसपास १९५७ च्या सुरुवातीस लोक एका विलक्षण तापाने आजारी पडू लागले. त्याच सुमारास त्या जंगलात माकडे आणि वानरे मरून पडत असल्याचेही गावकरी सांगत होते. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ तेथे गेले. हे केंद्र १९५२ मध्ये स्थापन झाले होते. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. माकडे मरतात आणि माणसे तापाने पडतात, हे ऐकून प्रथम सर्वांच्या पोटात गोळा आला. कारण आफ्रिका व दक्षिण अमेरिका खंडांतील पीतज्वराची हीच खूण मानतात आणि तो रोग भारतात कधीच आला नव्हता. तो आला असता, तर डासांनी भरलेल्या आपल्या देशात काय अनर्थ झाला असता याची कल्पनाच केलेली बरी.

सुदैवाने तो पीतज्वर नव्हता. रोग्यांच्या रक्तातून आणि मेलेल्या माकडांतून जो विषाणू सापडला, त्याचे नाते रशियातील थंड जंगलांत गोचिडींमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराशी जुळत होते. रोगाला त्या जंगलाचे नाव मिळाले : क्यासनूर जंगलाचा रोग. कन्नड लोक त्याला 'मंगन कायिले' म्हणतात आणि आपल्याकडे 'माकडताप' हा शब्द रूढ झाला. दोन्ही नावांनी माकडावर आळ आणला आहे. तो कितपत खरा, हे पुढे पाहू.

सैबेरियाशी नाते निघाल्यावर पहिला संशय गेला तो हिवाळी पाहुण्यांवर, म्हणजे उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांवर. त्यांच्या अंगावर बसून गोचिडी इकडे येत असतील काय, असा प्रश्न पुढे आला. त्या निमित्ताने जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य मिळाले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीमार्फत डॉ. सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून त्यांचे स्थलांतर अभ्यासण्याचे मोठे काम उभे राहिले. पक्ष्यांवरचा आरोप काही सिद्ध झाला नाही. पण त्या आरोपापायी आपल्या देशातील पक्षिविद्या समृद्ध झाली. खोट्या संशयातून निघालेली एवढी चांगली गोष्ट विरळाच.

एका गोचिडीचा संसार

आता खऱ्या गुन्हेगाराकडे वळू. गाईच्या कानामागे फुगून टरटरलेली गोचीड आपण सर्वांनी पाहिली आहे. माकडताप पसरवणारी मुख्य गोचीड रानातली असते. शास्त्रज्ञ तिला हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा म्हणतात. गोचीड हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात. गोचीड कोळी आणि विंचू यांच्या कुळातली, तिला आठ पाय. मात्र अंड्यातून बाहेर येते तेव्हा तिलाही सहाच पाय असतात आणि ती इतकी बारीक असते की पानावर धूळ बसली आहे असेच वाटावे.

या गोचिडीच्या साऱ्या आयुष्यात जेवणे तीन. अंड्यातून निघालेले सहा पायांचे पिलू पहिल्या जेवणासाठी उंदीर, चिचुंद्री, जमिनीवर वावरणारा पक्षी किंवा माकड यांच्या अंगावर चढते, पोटभर रक्त पिते आणि खाली गळून पडते. पाचोळ्यात दडून ते कात टाकते आणि आठ पायांचे होते. ही मधली अवस्था. मोहरीच्या दाण्याहूनही लहान असलेले हे जनावर पुन्हा एखाद्या अंगाची वाट पाहत बसते. दुसरे जेवण झाले की पुन्हा कात, आणि मग पूर्ण वाढलेली गोचीड. तिला तिसऱ्या जेवणासाठी मोठे जनावर लागते. गुरे तिला विशेष सोयीची. ते रक्त पिऊन झाले की मादी खाली पडते, पाचोळ्यात हजारो अंडी घालते आणि मरते.

तिला उडता येत नाही की उड्या मारता येत नाहीत. गवताच्या पात्यावर वा झुडपाच्या पानावर चढायचे, पुढचे पाय पसरायचे आणि कोणी घासून जाईपर्यंत थांबायचे, एवढीच तिची विद्या. तिचा धीर दांडगा असतो. तिला ओल आणि सावली हवी. कोरड्या उन्हात ती फार काळ तग धरीत नाही. म्हणूनच झाडून स्वच्छ ठेवलेल्या अंगणात ती सापडत नाही आणि पातेऱ्याच्या थराखाली, घाणेरीच्या जाळीत, पाटाच्या काठच्या गचपणात सुखाने नांदते.

तिच्या संसाराला ऋतूंचे वेळापत्रक आहे. पूर्ण वाढलेल्या गोचिडी पावसाळ्यात गुरांवर दिसतात. पाऊस सरल्यावर पिले निघतात. मधल्या अवस्थेतल्या गोचिडी साधारण कार्तिक-मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत रानात भरतात, आणि माणसाला चावते ती बहुतेक हीच. आता आपल्या बागायतीचे वेळापत्रक तिच्या शेजारी मांडून पाहावे. सुपारी काढणे, पातेरा गोळा करणे, जळण आणणे, काजूचे बोंडू वेचणे ही सारी कामे याच महिन्यांतली. माकडतापाचे रोगीही याच दिवसांत आढळतात आणि पाऊस लागला की साथ ओसरते.

रानातील सोयऱ्यांचा वाटा

या नाटकात कोणत्या प्राण्याचे काम काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. नाही तर राग भलत्यावर निघतो.

रानउंदीर, चिचुंद्री, खारी, साळिंदर यांच्यासारख्या लहान प्राण्यांत हा विषाणू वर्षानुवर्षे मुक्काम करून असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. त्यांना तो सहसा मारीत नाही. त्यांच्या रक्तातून तो गोचिडीच्या पिलांत येतो आणि एकदा आला की गोचिडीच्या अंगी शेवटपर्यंत राहतो; कात टाकली तरी जात नाही.

गुरांचे काम निराळे. गाय-म्हैस या तापाने आजारी पडत नाही आणि तिच्या रक्तात विषाणूची अशी वाढ होत नाही, की तिच्यापासून गोचिडींनी तो घ्यावा. पण रानाच्या कडेला चरणारी गुरे गोचिडींना जेवू घालतात, त्यांची संख्या वाढवतात आणि त्यांना अंगावर घेऊन घरी येतात. गोठ्यातून परसात आणि परसातून पायवाटेवर, असा हा प्रवास चालतो.

माकड आणि वानर मात्र या तापाचे बळी आहेत. विषाणू त्यांच्या रक्तात झपाट्याने वाढतो आणि पुष्कळदा त्यांचा प्राण घेतो. आजारी माकड खाली उतरते, पाण्याच्या आसपास बसते, निपचित पडते. त्याच्या अंगावर रक्त पीत असलेल्या शेकडो पिलांना विषाणू लागतो. माकड मेले, अंग थंड पडले की ती सारी उतरतात आणि त्याच जागी पाचोळ्यात पसरतात. काही आठवड्यांनी तीच पिले कात टाकून नव्या भक्ष्याची वाट पाहू लागतात. ज्या जागी माकड मेले ती जागा, माकड नेल्यानंतरही, धोक्याची राहते ती यामुळे.

तेव्हा माकड हे रोगाचे मूळ नव्हे. ते आपल्याला मिळालेली पूर्वसूचना आहे. माणसांना ताप येण्याआधी बहुधा माकडे मरतात. जो गाव त्या मरणाची दखल घेतो, त्याला सावध होण्यास अवधी मिळतो. माकडे मारून टाकावीत असे काही लोक रागाच्या भरात बोलतात. कायदा त्याला आड येतोच. शिवाय त्यात शहाणपणही नाही. मेलेल्या प्रत्येक माकडाच्या अंगावरच्या गोचिडी आपल्याच बागेत उतरणार, आणि उंदरांतला विषाणू तर जागच्या जागी राहणार.

गोचिडी खाणारे पाखरू कोणी नाही काय, असेही वाचक विचारतील. आहे. गुरांच्या पाठीवर बसणारी साळुंकी आणि कोतवाल, त्यांच्या पायांत घुटमळणारा गायबगळा हे गोचिडी टिपतात. परसातल्या कोंबड्याही पाचोळा उकरून खातात. मात्र चार कोंबड्या पाळल्या म्हणजे बाग निर्धोक झाली, असे कोणी समजू नये. कोंबडीच्या नजरेस न पडणारी पिले असंख्य असतात आणि ती कोंबडीच्याच अंगावर चढूनही रक्त पितात. धामण, घुबड आणि मुंगूस हे उंदरांवर वचक ठेवतात. त्यांना मारू नये, एवढे पुण्य तरी आपल्या हातून घडावे.

रान आणि परस यांची सीमा

पहिली पन्नास-पंचावन्न वर्षे हा रोग कर्नाटकाच्या मलनाडात आणि त्याच्या लगतच्या जिल्ह्यांतच घोटाळत राहिला. नंतर त्याने सह्याद्रीच्या अंगाने पाय पसरले. २०१२ मध्ये तो बंडीपूरच्या अभयारण्यात आढळला. तेथे मेलेल्या माकडांची शवे हाताळणाऱ्यांनाच लागण झाली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पाठोपाठ केरळातील वायनाड आणि तमिळनाडूतील निलगिरी येथे त्याचा पत्ता लागला. २०१५ मध्ये तो सत्तरी तालुक्यातील पाली गावी प्रकटला आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात. त्याच वर्षी बेळगाव जिल्ह्यातही रोगी आढळले. त्यांतील बरेच जण काजूच्या बागांत मजुरीसाठी गोव्यात गेलेले होते आणि ताप अंगात घेऊन घरी परतले होते.

हे असे का झाले? पूर्वी तपासणी होत नव्हती, म्हणून कित्येक ताप निनावी राहिले असतील, हे एक कारण. पण अभ्यासकांनी आणखी एका गोष्टीवर बोट ठेवले आहे. घनदाट रानात माणूस क्वचित जातो आणि मोकळ्या शेतात गोचीड क्वचित राहते. अडचण होते ती दोहोंच्या सरमिसळीत. रान तुकड्यातुकड्यांनी तोडले, मध्ये काजू, सुपारी वा रबर लावले, राहिलेल्या पट्ट्यात घाणेरी माजली, त्यात गुरे चरू लागली आणि फळांच्या वासाने माकडे खाली आली, म्हणजे उंदीर, माकड, गुरे, गोचीड आणि माणूस यांची एकाच सावलीत गाठ पडते. आमच्या मावशींचे कुळागर अगदी असेच आहे. त्यात दोष कोणा एकाचा नाही. पोटासाठीच प्रत्येकाने थोडी थोडी सीमा पुढे सरकवली आहे.

सह्याद्रीपासून दूर राहणाऱ्या वाचकांनी हा विषय आपला नव्हे असे समजू नये. गुजरातेत २०११ च्या जानेवारीत, अहमदाबाद जिल्ह्यात, क्रिमिअन-काँगो नावाच्या रक्तस्रावी तापाचे रोगी आपल्या देशात प्रथमच सिद्ध झाले. त्या रोगाची गोचीड निराळी आणि तिचे माहेर गुराढोरांत. बडोद्याकडील आमच्या ज्या वाचकांच्या दारी गाय-म्हैस आहे, त्यांनी जनावरांच्या गोचिडी बोटांनी चिरडण्याची सवय सोडावी. इंदूर असो, ग्वाल्हेर असो वा हैदराबाद, घरातल्या कुत्र्याच्या अंगावरील तपकिरी गोचीडही काही प्रकारचे पुरळाचे ताप माणसाला देऊ शकते. कुत्र्याला कुरवाळणाऱ्या मुलांच्या मातांनी एवढे लक्षात ठेवावे.

ताप आला तर

बाधित गोचीड चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांनी माकडताप सुरू होतो आणि तोही एकाएकी. थंडी वाजून ताप चढतो, कपाळ ठणकते, कंबर आणि पोटऱ्या इतक्या दुखतात की कूस बदलवत नाही. डोळे लाल होतात, उलट्या होतात, कोणाच्या हिरड्यांतून वा नाकातून रक्त येते. बहुतेक रोगी एकदोन आठवड्यांत सावरतात. अशक्तपणा मात्र पुढे बराच काळ राहतो. शंभरांतील दहा ते वीस जणांना मध्ये बरे वाटून पुन्हा ताप येतो. त्या वेळी डोके भयंकर दुखणे, हातपाय कापणे, नजर धूसर होणे, भ्रम होणे अशी मेंदूची लक्षणे दिसतात. शंभरांतील तीन ते पाच जण दगावतात.

या विषाणूवर नेमके औषध अद्याप नाही. अंगातील पाणी राखणे, रक्तस्रावावर लक्ष ठेवणे आणि वेळीच रुग्णालयात असणे हाच उपचार. पण तो मोलाचा आहे. दुकानातून आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. त्यांतील काहींमुळे रक्तस्राव वाढतो. डॉक्टरांना आपण होऊन सांगावे, की आम्ही बागेत काम केले, गोचीड चावली, आसपास माकड मेले. एवढ्या एका वाक्याने निदानाचे दिवस वाचतात. हा ताप एका माणसापासून दुसऱ्याला लागत नाही. तेव्हा रोग्याला वाळीत टाकण्याचे, त्याची ताटवाटी वेगळी करण्याचे कारण नाही. कर्नाटकात १९९० पासून जी लस दिली जात होती, तिचा गुण पुरेसा येत नसल्याने ती २०२२ मध्ये थांबवण्यात आली. नव्या लसीचे काम भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने हाती घेतले आहे. तोवर आपली सावधगिरी हीच आपली लस.

परस राखावे कसे

ही सावधगिरी अवघड नाही. घराभोवती दहापंधरा पावले जागा झाडून मोकळी ठेवावी. तेथे ऊन पडू द्यावे. पातेऱ्याचा ढीग घराला वा गोठ्याला लागून असू नये. ज्या रानात माकडे मेली आहेत, तेथला पातेरा त्या हंगामात गोठ्यात अंथरण्यासाठी आणूच नये. कित्येक घरांत गोचीड येते ती याच भाऱ्यांतून. पायवाटेच्या दोन्ही बाजूंचे गवत आणि घाणेरी छाटावी, म्हणजे जाताना अंग घासत नाही. लाकडाचा अड्डा व उकिरडा घरापासून दूर ठेवावा. उंदीर तेथेच राहतात. पडलेली केळी, फणस, बोंडू रोजच्या रोज उचलावे, आणि माकडांना हाताने खाऊ घालण्याची हौस आवरावी. गुरांच्या गोचिडींसाठी पशुवैद्याच्या सल्ल्याने औषध वापरावे. साऱ्या बागेवर विषारी फवारा मारण्याचा मोह मात्र टाळावा. त्याने मधमाश्या मरतात, पाटातील मासे मरतात आणि पाचोळ्याखालची गोचीड बहुधा वाचते.

बागेत जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब विजार आणि बूट घालावे. विजारीची टोके मोज्यांत खोचावी. बायकांनी कामापुरते लुगडे-साडीवर समाधान न मानता आतून विजार घालावी. आता खेडोपाडी कोणी त्याला हसत नाही. बसायचे झाल्यास जमिनीवर न बसता पाटावर वा दगडावर बसावे. उघड्या अंगाला लावण्यासाठी आरोग्य केंद्रातून डीएमपी किंवा डीईपीए नावाचे तेल मिळते. ते लावण्यास कंटाळू नये. घरी आल्यावर कपडे कढत पाण्यात टाकावे, साबण लावून स्नान करावे आणि काखा, कानामागे, गुडघ्यामागे, मुलांचे तर केसांतही, नीट पाहावे.

गोचीड चिकटलेली आढळली, तर बारीक टोकाच्या चिमट्याने ती कातडीलगत धरावी आणि सावकाश सरळ वर ओढावी. विडीचा चटका देणे, घासलेट वा चुना लावणे हे जुने उपाय सोडून द्यावेत. डिवचलेली गोचीड सुटण्याआधी आपल्या पोटातले विष जखमेत सोडण्याचा संभव असतो. काढलेली गोचीड नखांवर चिरडू नये. जागा साबणाने धुवावी आणि पुढील दहाबारा दिवस अंगावर लक्ष ठेवावे.

आणि मेलेले माकड दिसले, तर त्याला हात लावू नये. आरोग्य केंद्राला, पशुवैद्यकीय दवाखान्याला वा वनखात्याला कळवावे. प्रत्येक माकड याच रोगाने मरते असे नाही. कोणी विजेच्या तारेने मरते, कोणी कुत्र्यांमुळे. पण ते ठरवण्याचे काम आपले नव्हे. ते लोक हातमोजे व योग्य पोशाख घालून येतात, तपासणीसाठी नमुने घेतात, शवाची विल्हेवाट लावतात आणि त्या जागेभोवती सुमारे पन्नास फुटांच्या परिघात गोचीडनाशक भुकटी टाकतात.

फणसाखाली

मावशींच्या परसात त्या दिवशी तसेच झाले. दुपारपर्यंत माणसे आली. मावशी पायरीवर बसून सारे पाहत होत्या. माकडाला उचलून नेताना त्या उठल्या, जास्वंदीची चार फुले ओंजळीत घेतली आणि पायरीवरूनच, लांबूनच, त्या दिशेने वाहिली. मग कुयरी पुन्हा देवघरात ठेवून दिली. त्या कोणाशी काही बोलल्या नाहीत.

सहाव्या दिवशी गड्याला ताप भरला. पहाटे त्याने माकडाची शेपटी हातात धरली होती, ही गोष्ट आमच्या मावसभावांनी डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगितली. रक्त तपासले, माकडतापच निघाला. दोन आठवडे तो रुग्णालयात होता आणि त्याची बायको उशाशी. तो वाचला. पण उठून चालू लागला तेव्हा बोंडू गळून संपत आले होते. ज्या हंगामावर त्याचे वर्ष उभे होते, तो हंगाम पलंगावर गेला. मावशींनी साऱ्या हंगामाची मजुरी त्याच्या बायकोच्या हाती ठेवली. ती घेईना. तेव्हा मावशी म्हणाल्या, "घे ग. माझ्याच परसात झाले ना? मी खड्डा खणायला सांगितले होते. तो खणला असता तर आज मीही तिथे असते."

पुढच्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा गडी परत कामावर आलेला होता. पायांत उंच बूट, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा. दोन्ही मावशींनी घेऊन दिलेले. घराभोवतीची जागा लख्ख झाडलेली, पायवाट रुंद केलेली. फणस जागच्या जागी होता. काजूच्या वरच्या रांगेत माकडांची टोळी उतरली होती आणि एक माकडीण पिलाला पोटाशी धरून आमच्याकडे टकमक पाहत होती. आम्ही गमतीने विचारले, "मावशी, हाकलायचे काय यांना?"

मावशी थोडा वेळ त्या पिलाकडे पाहत राहिल्या. "बागेतून हाकला," त्या म्हणाल्या, "पण रानातून नको. ती आहेत तोवर आपल्याला कळते तरी."